बावीस जणांच्या बोटीवर पाच जण

ट्रंकमधून, म्हणजे खाली उतरायच्या अरुंद बंद जिन्यातून, वर आलेला ओएस (सगळ्यात कनिष्ठ खलाशी) तिच्या तोंडाच्या कठड्याला, कोमिंगला, टेकून बसला आणि म्हणाला, ‘डोकं गरगरतंय.’ दुपारचे अडीच वाजले होते, डेक तव्यासारखा तापला होता. ऊन लागलं असेल असं सगळ्यांनी धरून टाकलं. भंडाऱ्याने, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाक्याने, लिंबाचं सरबत दिलं, पोरगा दहा मिनिटांत हसायला लागला आणि विषय संपला. मी तेव्हा थर्ड मेट, म्हणजे डेकवरचा कनिष्ठ अधिकारी होतो. बोटीत कोळसा भरलेला होता आणि तो पोरगा होल्डला (माल भरायच्या कोठाराला) उतरायच्या ट्रंकमध्ये जेमतेम दहा-बारा पायऱ्या खाली जाऊन आला होता. संध्याकाळी फाइल चाळताना त्या कामाचं परमिट, म्हणजे बंद जागेत उतरायची लेखी परवानगी, हाताला लागलं. गॅस टेस्ट सकाळी साडेनऊला, ऑक्सिजन २०.९ टक्के, खाली सही. सगळं ठीक, एवढंच की गॅस मीटर सकाळपासून ब्रिजवर (बोट चालवायच्या खोलीत) माझ्या डोळ्यांसमोर चार्जिंगला लावलेला होता.

कोळसा हवेतला ऑक्सिजन खातो. हे प्रत्येकाने कोर्समध्ये शिकलेलं असतं, परीक्षेत लिहिलेलंही असतं. तरी बंद जागेत माणूस गुदमरतो आणि त्याला काढायला धावलेला दुसराही तिथेच पडतो, असे अपघात होतच राहतात. म्हणून २०१५ पासून ‘सोलास’ या जागतिक सागरी सुरक्षा कराराखाली बंद जागेत शिरण्याची आणि तिथून माणूस काढण्याची ड्रिल दर दोन महिन्यांनी सक्तीची आहे. आमच्या बोटीवरही ती वेळच्या वेळी होत होती, फोटो काढून ऑफिसला जात होते. नियम होता, मीटर होता, ड्रिल होती. सवय मात्र कोऱ्या परमिटवर आधीच सही करून ठेवायची होती.

ती सवय आम्ही पाच जणांनी मोडली. पुढे दुसऱ्या एका बोटीवर तोच प्रयत्न साफ फसला. दोन्हींतून जे हाताला लागलं ते पायरीपायरीने लिहितोय. डोळ्यांसमोर आहे तो ज्युनिअर ऑफिसर आणि क्रू, ज्यांच्याकडे अधिकार कमी आणि धोका जास्त असतो. कप्तान आणि चीफ इंजिनिअर यांनी वाचलं तरी नुकसान नाही.

पाचच का?

बोटीवर सगळ्यांना पटवायच्या नादाला लागू नका, तेवढा वेळ नसतो. सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टमधला पहिला महिना ओळखीत जातो आणि शेवटच्या महिन्यात माणूस मनाने घरी पोचलेला असतो.

माणसं थोडी असली तरी चालतं याला थोडा आधारही आहे. २०१८ साली डेमन सेंटोला आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. वीस-तीस जणांच्या गटांनी आपापसात एका गोष्टीला एक नाव रूढ केलं होतं. त्यांत मुद्दाम घुसवलेली माणसं दुसऱ्याच नावाचा आग्रह धरून बसली. त्यांचं प्रमाण साधारण २५ टक्क्यांवर गेलं की अख्ख्या गटाचा वापर पालटत होता, त्याखाली बहुतेक वेळा काहीच हलत नव्हतं. बावीस जणांच्या क्रूत हा हिशेब पाच-सहा जणांचा होतो. संगणकावरचा खेळ आणि खवळलेल्या समुद्रातली बोट यांत फरक आहे, तेव्हा हा आकडा गुरुमंत्र समजू नका. पण ‘सगळे तयार झाले की सुरू करू’ म्हणणाऱ्याला दाखवायला बरा आहे.

मला दुसरा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. १९६९ साली सर्ज मोस्कोविची यांनी सहा-सहा जणांच्या गटांना निळ्या स्लाइड दाखवल्या. सहांतले दोघे आतून फितवलेले होते आणि ते प्रत्येक स्लाइडला ठामपणे ‘हिरवी’ म्हणत. बाकीच्या चौघांच्या उत्तरांत ‘हिरवी’चं प्रमाण आठ टक्क्यांच्या वर गेलं. त्याच दोघांनी कधी हिरवी, कधी निळी म्हटलं तेव्हा ते सव्वा टक्क्यावर आलं. आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. पाचांतला एक जण एखाद्या दिवशी ‘आज बंदराचा पायलट यायचाय, राहू दे’ म्हणाला की उरलेल्या चौघांची महिन्याभराची मेहनत त्या दिवशी पाण्यात जाते. म्हणून दहा अर्धवट माणसांपेक्षा पाच पक्की माणसं बरी.

पहिली पायरी: एकच गोष्ट, तीही डोळ्यांना दिसणारी

‘बोटीवर सेफ्टी कल्चर सुधारायचं’ हे काम होऊ शकत नाही, कारण ते झालं की नाही हे कुणाला सांगता येत नाही.

बोटीच्या कुशीवर रंगवलेलं वर्तुळ आणि त्यातून जाणारी आडवी रेघ रोज आपल्या डोळ्यांखालून जाते. जादा माल भरून बोटी बुडवणाऱ्या मालकांविरुद्ध सॅम्युअल प्लिमसोल या ब्रिटिश खासदाराने वर्षानुवर्षं भांडून ती कायद्यात आणली. १८७६ च्या कायद्याने रेघ सक्तीची झाली खरी, पण ती कुठे मारायची हे मालकावर सोडलं होतं. एका कप्तानाने ती चक्क धुरांड्यावर रंगवल्याची गोष्ट अजून सांगतात. रेघेची जागा कायद्याने ठरायला पुढे १८९० साल उजाडलं. तुमची ‘एक गोष्ट’ ठरवताना ही चौदा वर्षं लक्षात ठेवा. रेघ कुठे मारायची ते पहिल्याच दिवशी ठरलं पाहिजे, नाहीतर ज्याला नको तो ती धुरांड्यावर मारतो.

आमची रेघ सारंगने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, ठरवून दिली. तो दापोलीकडचा, समुद्रावर तीस वर्षं काढलेला. मी त्याच्यापुढे दोन पानी चेकलिस्ट ठेवली होती, रात्रभर जागून केलेली. त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि परत दिली. म्हणाला, ‘थर्ड साब, लिवलेलं कोन वाचतंय? बोलून दाखवा. वॉकीवर. सगले आयकतात.’

चेकलिस्ट तिथेच मेली. ठरलं ते एवढंच: झाकण उघडल्यावर मीटरची नळी आत सोडायची. वर, मध्ये आणि तळाला, अशी तीन रीडिंग वॉकी-टॉकीवर मोठ्याने सांगायची. ब्रिजवर कॅडेटने, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्याने, ती वेळेसकट वहीत लिहायची. तोवर शिडीवर पाय ठेवायचा नाही. कप्तानापासून इंजिनरूमपर्यंत ज्याच्या कमरेला वॉकी होता त्या प्रत्येकाला ते ऐकू जात होतं. सही आधी करून ठेवता येते, आवाज आधी काढून ठेवता येत नाही.

विषय निवडताना एक सावधगिरी. विश्रांतीच्या तासांना पहिल्याच फटक्यात हात घालू नका. चोवीस तासांत किमान १० आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि नोंदी कशा भरल्या जातात हेही सगळ्यांना माहीत असतं. पण ते दुखणं कंपनीने किती माणसं ठेवली आणि बंदरात किती काम लावलं इथपर्यंत जातं. पाच जणांच्या हातात त्याची किल्ली नसते. बोटीच्या आत सुरू होऊन बोटीच्या आत संपणारी गोष्ट आधी घ्या. ती जमली की मोठ्या विषयाला हात घालायची पत येते.

दुसरी पायरी: माणसं कुठून घ्यायची

मेसमध्ये सगळ्यात जास्त तक्रार करणारा माणूस घेऊ नका. त्याला बदल हवा असतो यात शंका नाही, पण तो बोलला की बाकीचे ताटात बघायला लागतात.

आमच्या पाचांत सारंग होता, एक एबी म्हणजे अनुभवी खलाशी होता, इंजिनातला फिटर, डेक कॅडेट आणि मी. फिटरला का घेतलं? कारण नुसते डेकवाले असते तर तो ‘डेकचा फंडा’ झाला असता आणि इंजिनरूमने मजा बघितली असती. आपल्या बोटींवर आधीच पुरेशा भिंती असतात: डेक आणि इंजिन, ऑफिसर आणि क्रू, कोकणी, बंगाली, केरळी, पंजाबी. या भिंतींच्या एकाच बाजूला जमलेल्या पाच जणांना गट म्हणत नाहीत, गटबाजी म्हणतात. दोन्ही बाजूंना एक-एक पाय असला की तो आरोप चिकटत नाही.

सारंगशिवाय क्रूच्या बाजूने काही हलत नाही, तेव्हा तो हवाच. तो विरोधात असेल तर आधी त्याच्याकडे जा, दुसऱ्या कुणाकडेही नको. त्याच्या कामात मदत मागा, उपदेश देऊ नका. कॅडेट उपयोगी पडतो तो वेगळ्याच कारणाने: त्याला लिहायची सवय असते आणि त्याच्यावर कुणाचा राग नसतो. शिवाय पाच वर्षांनी तोच कुठल्यातरी बोटीवर परमिटवर सही करणार असतो.

आणि सहावा, नावाला गटात नसलेला: भंडारी. बोटीवरची बातमी गॅलीतून, म्हणजे स्वयंपाकघरातून, निघते. त्याला काही करायला सांगायचं नसतं. काय चाललंय ते खरंखरं सांगून ठेवायचं, म्हणजे बातमी वाकडी होऊन फिरत नाही.

व्हॉट्सॲपवर ग्रुप काढू नका. त्याचा स्क्रीनशॉट दोन दिवसांत चुकीच्या माणसाच्या फोनवर असतो आणि चहा पिताना बोललेलं साधं वाक्यही तिथे कटासारखं दिसतं. आम्ही पूप डेकवर, म्हणजे बोटीच्या मागच्या डेकवर, चहाच्या वेळी, सगळ्यांदेखत बोलायचो. कुणी आलं तर त्यालाही बसवायचं.

तिसरी पायरी: आधी करायला लागा, सांगायचं नंतर

पहिले दोन आठवडे आम्ही काही जाहीर केलं नाही. ज्या कामावर आमच्यातला कुणी असेल तिथे रीडिंग वॉकीवर जायचं, एवढंच. लोक हसले. सेकंड इंजिनिअरने तर वॉकीवर ‘आता बातम्या ऐकूया’ म्हणून आकाशवाणीची नक्कल केली. कॅडेट लिहीत राहिला.

या दोन आठवड्यांत दोन गोष्टी हाती लागतात. पहिली, तुमची कल्पना चालते का ते कळतं. आमच्या मीटरची नळी तळापर्यंत पोचतच नव्हती हे तेव्हाच कळलं. फिटरने स्टोअरमधली जोड-नळी शोधून दिली. मी ते आधीच मोठ्या तोंडाने जाहीर केलं असतं तर पहिल्याच दिवशी तोंडावर पडलो असतो. दुसरी, तुमच्याकडे आकडा येतो. ‘फार वेळ जातो’ हा आक्षेप येणार हे ठरलेलं होतं. कॅडेटने प्रत्येक वेळेची नोंद ठेवली होती आणि झाकण उघडण्यापासून तिसऱ्या रीडिंगपर्यंत साधारण अकरा मिनिटं लागत होती. चीफ ऑफिसरला (कप्तानाखालच्या अधिकाऱ्याला) ‘अर्धा तास तरी जातो’ असं वाटत होतं. अकरा मिनिटांवर भांडणं अवघड जातं.

चौथी पायरी: वरच्यांकडे कसं जायचं

इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. मीही घसरलो.

६ मार्च १९८७ ला ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरी बेल्जियमच्या झीब्रुगे बंदरातून पुढचे दरवाजे उघडेच ठेवून निघाली आणि बंदराबाहेर पडता पडता उलटली. १९३ माणसं गेली. दरवाजे लावायची जबाबदारी असलेला असिस्टंट बोसन (बोसन म्हणजे सारंगच) केबिनमध्ये झोपलेला होता. बोसन तिथून गेला, पण दरवाजे लावणं हे आपलं काम नाही असं त्याला वाटलं. ब्रिजवरून दरवाजे दिसत नव्हते. चौकशीत जे पुढे आलं ते अंगावर येणारं होतं. त्या कंपनीच्या एकाहून जास्त कप्तानांनी अपघाताच्या आधी वेगवेगळ्या वेळी लिहून कळवलं होतं की दरवाजे लागलेत की नाही हे दाखवणारा दिवा ब्रिजवर बसवा. किनाऱ्यावरच्या साहेबांनी त्याची टर उडवली. अपघातानंतर तेच दिवे काही दिवसांत बसवले गेले.

त्या कप्तानांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि त्यांनी ते लेखी दिलं होतं. पण प्रत्येक जण एकेकटा लिहीत होता. एकट्याची चिठ्ठी म्हणजे त्या माणसाचा स्वभाव ठरतो: ‘हा कप्तान जरा किरकिरा आहे.’ तीच मागणी, त्याच शब्दांत, एकाच महिन्यात चार जणांकडून आली की ती मागणी होते. तेव्हा वर जाताना एकच वाक्य ठरवा आणि पाचही जणांनी तेच बोला. आमचं वाक्य होतं: ‘सर, रीडिंग वॉकीवर दिलं की ब्रिजलाही रेकॉर्ड राहतं, अकरा मिनिटं लागतात.’ यात कोण चुकतंय हे कुठेच नाही. फायदा आणि किंमत, दोन्ही आहे.

आता माझी घसरगुंडी. डिस्चार्ज पोर्टला, माल उतरवायच्या बंदरात, फोरमन आणि त्याची माणसं उभी होती. चीफ ऑफिसर दुपारच्या कामाचं परमिट सकाळीच भरत होता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘सर, पण रीडिंग तर झालेलंच नाही.’ फोरमन हसला. चीफ ऑफिसर थंडपणे म्हणाला, ‘थर्ड, तू गँगवे बघ.’ पुढचे दोन आठवडे त्याने प्रत्येक परमिट मुद्दाम आधी सही करून दिलं.

सारंगने मला बाजूला घेतलं. ‘साब, बात बराबर व्हती, जागा चुकली.’ रात्री जेवणानंतर मी चीफ ऑफिसरच्या केबिनवर गेलो. त्या जागी बोललो याची माफी मागितली, मुद्दा मात्र तसाच ठेवला आणि कॅडेटची वही त्याच्या टेबलावर ठेवली. त्याने ती उघडली नाही. पण परतही दिली नाही.

इथे एक फरक नीट समजून घ्या. माणूस शिडीवर पाय ठेवायच्या बेतात असेल, तर जागा, वेळ, मान, हुद्दा काही बघायचं नाही. ओरडायचं आणि काम थांबवायचं, मग तुम्ही मेसमन असा की कॅडेट. माझ्या त्या सकाळी शिडीपाशी कुणीच नव्हतं. काम दुपारी होतं. माझ्याकडे चार तास होते आणि मी चारचौघांत बोललो.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. त्यानंतरच्या फेरीत पुन्हा कोळसा होता. एका सकाळी सारंगचा आवाज वॉकीवर आला: वर २०.९, मध्ये १९.६. मग थोडा वेळ काहीच नाही. मग, ‘तल… सतरा पॉइंट आठ.’ सगळीकडे शांतता. ब्रिजवरून कप्तानाने पुन्हा सांगायला लावलं. झाकण उघडं ठेवून ब्लोअर लावला, काम दुसऱ्या दिवशी झालं. त्यानंतर शिडीजवळ पोचलं की चीफ ऑफिसर स्वतःच विचारायला लागला, ‘रीडिंग?’ आकाशवाणीची नक्कल बंद झाली. आधीच्या वर्षांत ट्रंकमध्ये किती वेळा सतरा असेल आणि परमिटवर २०.९, याचा विचार मी अजूनही फार वेळ करत नाही.

पाचवी पायरी: कागदावर आणा

सवय लागली की ती सेफ्टी कमिटीच्या मिनिट्समध्ये (बैठकीच्या नोंदीत) गेली पाहिजे. ‘एमएलसी २००६’ या खलाशांच्या कामाविषयीच्या जागतिक करारानुसार पाच किंवा त्याहून जास्त खलाशी असलेल्या बोटीवर सेफ्टी कमिटी लागतेच आणि तिच्यात खलाशांचे नेमलेले किंवा निवडलेले प्रतिनिधी बसतात. भारताने हा करार २०१५ मध्ये मान्य केला. बऱ्याच बोटींवर ही मीटिंग म्हणजे आधी टाइप केलेल्या कागदावर सह्यांचा कार्यक्रम असतो. तुमच्या पाचांतला एक जण तिथे प्रतिनिधी म्हणून बसेल असं बघा. आणि मीटिंगमध्ये नवीन विषय कधीच काढू नका. मीटिंगच्या आधी चीफ ऑफिसरला आणि कप्तानाला स्वतंत्रपणे सांगून ठेवा, त्यांच्यापैकी एकानेच तो मांडला तर उत्तम. श्रेय त्यांना जाऊ द्या. श्रेय वाटून टाकणाऱ्याचं काम पुढच्या मास्टरच्या (कप्तानाच्या) काळातही टिकतं.

१७.८ च्या प्रकाराचा आम्ही निअर मिस (थोडक्यात टळलेल्या अपघाताचा) रिपोर्ट पाठवला. त्यात कुणाचं नाव नव्हतं. वेळ, जागा, तीन रीडिंग आणि काय केलं ते, एवढंच.

गट फुगायला लागला तर

यश मिळालं की गटाला नवी माणसं येतात आणि प्रत्येक जण आपलं दुखणं घेऊन येतो. जेवण, ओव्हरटाइम, इंटरनेट, घरी जायची तारीख. इथे मला मुंबईची आठवण होते.

१८ फेब्रुवारी १९४६ ला ‘तलवार’ या मुंबईच्या नौदल तळावरच्या खलाशांनी निकृष्ट जेवण आणि कमांडरची शिवीगाळ यांवरून काम बंद केलं. त्याआधी काही महिने बी. सी. दत्त आणि मूठभर साथी तिथल्या भिंतींवर रात्री घोषणा रंगवत होते. ‘तलवार’ ही सिग्नल शाळा होती, म्हणजे ज्यांच्या हातात संदेशयंत्रणा होती तीच माणसं संपावर होती. एम. एस. खान आणि मदन सिंग यांची संप समिती उभी राहिली आणि पाहता पाहता ७८ जहाजं, २० तळ आणि सुमारे वीस हजार खलाशी यात आले, कराचीपर्यंत. मागण्याही वाढल्या: चांगलं जेवण, समान पगार, कमांडरवर कारवाई, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका, इंडोनेशियातून भारतीय सैन्य माघारी. मुंबईत लोक रस्त्यावर आले, गोळीबारात दोनशेहून जास्त माणसं मेली. २३ फेब्रुवारीला, सरदार पटेलांच्या सांगण्यावरून, खलाशांनी शस्त्रं खाली ठेवली.

ते पारतंत्र्याविरुद्धचं बंड होतं, त्याची तुलना आपल्या गॅस मीटरशी करणं मलाही बरं वाटत नाही. स्वातंत्र्यानंतरही त्यांतल्या बहुतेकांना नौदलात परत घेतलं गेलं नाही, ही गोष्ट मला लाजिरवाणी वाटते. तरी दोन गोष्टी तिथून उचलण्यासारख्या आहेत. मूठभर माणसं संदेशाच्या नाक्यावर बसलेली असली तर त्यांचा आवाज कितीतरी लांब जातो. आमच्या बोटीवर तो नाका वॉकीचा चॅनल होता. आणि पाच दिवसांत डाळीपासून इंडोनेशियापर्यंत पोचलेल्या मागण्यांमधलं नेमकं काय मिळालं की थांबायचं, हे समितीला ठरवायला सवडच मिळाली नाही. म्हणून पहिल्या दिवशीच आपापसात विचारून घ्या: काय झालं की आपलं काम झालं? त्याचं उत्तर एका वाक्यात येत नसेल तर सुरुवात करू नका. आणि नवा माणूस नवं दुखणं घेऊन आला की त्याला सांगा, ‘तुझंही बरोबर आहे, पण हे संपल्यावर.’

हेही सांगून ठेवतो: मर्चंट नेव्हीत मास्टरचा कायदेशीर हुकूम मोडणं हा गुन्हा आहे आणि त्याने तुमचं सीडीसी, म्हणजे समुद्रावरच्या नोकरीचं अधिकृत पुस्तक, धोक्यात येतं. या लेखात सांगितलेलं सगळं हुकूम पाळून करता येतं.

मास्टरच अडथळा असेल तर

मग गटाचा मार्ग बाजूला ठेवा आणि कागदाचा धरा. ‘एमएलसी’खाली बोटीवरच तक्रार करायची पद्धत प्रत्येकाला लेखी मिळालेली असली पाहिजे. कॉन्ट्रॅक्टसोबतच्या कागदांत ती बघा. आधी आपल्या वरिष्ठाकडे, मग मास्टरकडे, गरज पडली तर थेट मास्टरकडे किंवा बाहेरच्या अधिकाऱ्यांकडेही जाता येतं. सोबत दुसरा माणूस न्यायचा हक्क आहे आणि तक्रार केली म्हणून त्रास देणं नियमाने बंद आहे. प्रत्यक्षात त्रास होतो, हे मी नाकारत नाही, म्हणून तारीख, वेळ आणि साक्षीदार लिहिलेली वही तुमच्याकडे हवी. कंपनीचा डीपीए म्हणजे किनाऱ्यावरचा नेमलेला माणूस, त्याचा नंबर मेसच्या बोर्डावर असतोच. त्याला फोन करताना राग उतरलेला असावा. भारतीय खलाशाला नुसी किंवा एमयूआय या संघटना आणि मुंबईचं डीजी शिपिंग, म्हणजे जहाजवाहतुकीचं सरकारी कार्यालय, हे दरवाजेही आहेत. पण हे सगळं शेवटचं. पहिल्याच दिवशी डीपीएला फोन लावणाऱ्याला पाच जण मिळत नाहीत.

शेवटची पायरी: साइन ऑफच्या (बोट सोडण्याच्या) आधी

किनाऱ्यावरच्या संस्थेतली माणसं वर्षानुवर्षं तीच असतात. आपला गट चार-सहा महिन्यांत विमानतळावर पांगतो. सारंग एका बंदरात उतरला, मी पुढच्या, फिटर दीड महिन्याने.

दुसऱ्या बोटीवर जे फसलं ते इथेच. तिथेही सवय लागली होती, चांगली लागली होती. माझा रिलीव्हर, म्हणजे माझ्या जागी आलेला, जुना दोस्त निघाला, मी त्याला रात्रभर गप्पांमध्ये सगळं समजावलं आणि निर्धास्त घरी आलो. पाच आठवड्यांनी कंपनीने त्याला दुसऱ्या बोटीवर हलवलं. त्याच्या जागी आलेल्या मुलाला कुणी काही सांगितलंच नव्हतं. दोन महिन्यांत कोरी परमिटं पुन्हा सह्या होऊन फाइलला लागायला लागली. हे मला कळलं ते त्याच बोटीवरच्या ओएसकडून, वाशीच्या एका मेडिकल सेंटरमध्ये रांगेत उभे असताना.

म्हणून आता माणसाला देतो त्याआधी वस्तूला बांधतो. परमिटच्या फाइलच्या आत, पहिल्या पानावर, लॅमिनेट करून. मीटरच्या पेटीत दुसरी प्रत. हँडिंग ओव्हर नोट्समध्ये तिसरी. आणि रिलीव्हर चढल्यावर पहिली एंट्री त्याच्या हातून, मी बाजूला गप्प उभा. पाचही जण एकाच बंदरात उतरणार असतील तर त्यांतल्या कुणालातरी एक महिना वाढवून घ्यायला सांगतो. अजून तरी दर वेळी कुणीतरी तयार झालंय, बहुतेक वेळा ज्याच्या घराचं बांधकाम चालू आहे तो.

त्या चिठ्ठीत मोठं काही नसतं. शेवटच्या बोटीवरची अशी होती:

‘मीटर ब्रिजवर, डावीकडचा खालचा खण. चार्जरची पिन सैल आहे, रबरबँड लावून ठेवलाय, काढू नका. जोड-नळी फिटरच्या कपाटात, निळ्या डब्यात. वर, मध्ये, तळ, तिन्ही वॉकीवर, चॅनल सहा. वही कॅडेटकडे. तो नसेल तर कोण लिहिणार ते आधी ठरवा, मग झाकण उघडा. तिसऱ्या होल्डच्या ट्रंकमध्ये तळाचं रीडिंग दोनदा घ्या, तिथे हवा उशिरा फिरते.’